आजीची माळ आणि नहपानाचा चेहरा

माझं आजोळ कोंडाण्याचं. म्हणजे कर्जतपासून आत, राजमाचीच्या पायथ्याला, उल्हास नदीच्या खोऱ्यातलं कोंडाणे. सिंहगडाचं जुनं नाव कोंढाणा, त्याच्याशी याचा काही संबंध नाही. दरवेळी सांगावं लागतं, म्हणून आधीच सांगून टाकलं.

तर या दिवाळीनंतर मामांकडे गेले होते. दुपारची जेवणं झाली, मामीनं मागचं आवरलं आणि मामेभावानं आतून एक पितळी डबी आणून ओटीवर ठेवली. डबीत आजीची रुपयांची माळ. जाड काळ्या दोऱ्यात ओवलेले अकरा रुपये, प्रत्येकाच्या डोक्यावर सोनारानं झाळून बसवलेली चांदीची कडी. लहानपणी आजीच्या मांडीवर डोकं ठेवलं की ही माळ कानापाशी किणकिणायची. आजीला जाऊन आता दोन वर्षं झाली.

"ताई, यातलं एक नाणं लाखाचं आहे," मामेभाऊ म्हणाला आणि त्यानं फोन पुढे केला. त्यावर एक निरोप होता, तुम्हालाही आला असेल. '१९३९ चा रुपया घरात आहे? लाखो मिळवा.' आणि आमच्या माळेतला शेवटचा रुपया खरंच सहाव्या जॉर्जचा. झिजलेला, आकडा धड दिसत नव्हता, पण '१९' आणि पुढे काहीतरी गोल, इतकं कळत होतं.

आमच्या घरात एरवी कुणी पैशाचं फारसं बोलत नाही. पण त्या दुपारी बोललं गेलं. मामा, आई आणि मावशी असे तीन वारस, आणि अकराला तिनानं भाग जात नाही! मावशीचा फोन आला की तिला निदान दोन तरी आठवण म्हणून हवेत. अमेरिकेतल्या मावसबहिणीला एक हवा होता. मामेभावाचं म्हणणं, महागाचा असेल तो विकू, पैसे सारखे वाटू, बाकीचे मोडून चांदी करू. मामा काहीच बोलले नाहीत. मामी एवढंच म्हणाली, "माळ तोडायची तर मग ती माळ कसली?"

मी म्हटलं, आधी बघून तर येऊ काय आहे ते. आणि माळ पर्समध्ये घालून, जीव मुठीत धरून, कर्जतहून लोकल पकडली.

ठाण्याला ओळखीचे एक गृहस्थ आहेत. चाळीस वर्षं नाणी जमवतात. त्यांनी टेबलावर मऊ कापड पसरलं, माळ त्यावर ठेवली, भिंग डोळ्याला लावलं आणि पुढचा तासभर माझे एकेक समज काढून बाजूला ठेवत गेले. तो तास मला फार काही शिकवून गेला, म्हणून हा लेख.

पहिला समज वयाचा. जितकं जुनं तितकं महाग, असं आपल्याला वाटतं. माळेत राणी व्हिक्टोरियाचे पाच रुपये, त्यातल्या तिघांवर १८६२ साल. मी खूश! ते हसले. म्हणाले, १८६२ चा आकडा बघून सगळेच खूश होतात. पण त्या रुपयांवरचं साल सरकारनं बदललंच नव्हतं. १८७४ पर्यंत टांकसाळीतून निघणाऱ्या रुपयांवर तेच १८६२ छापलं जात होतं. म्हणजे एका वर्षाचे वाटणारे हे रुपये खरं तर बारा-तेरा वर्षांचे, त्यामुळे ते अमाप आहेत. आणि वयाचंच म्हणाल तर, ते पुढे म्हणाले, मौर्यकाळातली चांदीची आहत नाणी बघा. दोन हजारांहून जास्त वर्षांची. सूर्य, टेकडी असली चिन्हं ठोकलेली. त्यातले नेहमीचे प्रकार आजही संग्राहकांच्या मेळाव्यात तुलनेनं स्वस्तात मिळतात, कारण ती घड्याच्या घड्यांनी सापडली आहेत.

दुसरा समज धातूचा. हा तर आमच्या रक्तातच. आजीच्या तोंडी 'रुपयाभार' हा शब्द असायचा. रुपयाभार हळद, रुपयाभार सुंठ. इंग्रजांचा चांदीचा रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, आणि तोच एक तोळा. सोनारापासून वाण्यापर्यंत सगळे रुपयाचं वजन म्हणून वापर करायचे. त्यामुळे माळ म्हणजे अकरा तोळे चांदी, हा हिशेब घरात तोंडपाठ होता. गृहस्थ म्हणाले, चांदीचा भाव ही नाण्याच्या किमतीची जमीन. त्याच्या खाली सहसा जात नाही. पण वर किती जाईल, ते चांदी ठरवत नाही.

मग काय ठरवतं? शिल्लक किती उरलीत, आणि ती हवी असणारे किती आहेत. पाडली किती होती यापेक्षा उरली किती, हे महत्त्वाचं. याचं आपल्या ओळखीचं उदाहरण शिवरायांच्या नाण्यांचं. महाराजांनी सोन्याचा होन पाडला आणि तांब्याची शिवराई पाडली. दोन्हींवर मजकूर एकच, एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. सभासद बखरीत खजिन्यातल्या होनांची जातवार यादी आहे, आणि ती लांबलचक आहे. पण आज अस्सल शिवराई होन दिसणं म्हणजे भाग्य. शिवराई मात्र आमच्या देव्हाऱ्यातही एक आहे. कारण उघड आहे. सोन्याचं नाणं वाईट दिवसांत मुशीत जातं, पुढचा राजा ते वितळवून स्वतःचं पाडतो, सोनार त्याच्या बांगड्या करतो. तांब्याचा पैसा कोण वितळवणार? तो मडक्यात, देव्हाऱ्यात, शेताच्या बांधात पडून राहतो. शिवाय शिवराई महाराजांनंतरही पेशवाईत आणि पुढेही पाडली गेली, इंग्रजी अमलातसुद्धा ती बाजारात चालत होती. म्हणूनच घराघरातल्या बहुतेक शिवराया महाराजांच्या काळातल्या नसतात. अक्षरांचं वळण, 'शिव' की 'सिव', काठाचे ठिपके, वजन, हे बघून जाणकार काळ सांगतात. आमची उत्तर पेशवाईतली निघाली. मामांना हे अजून सांगितलेलं नाही. आता इथेच वाचतील.

आता ज्याची वाट बघत होते तो रुपया. गृहस्थांनी आधी १९३९ चं गणित सांगितलं. तोवर रुपयात जवळजवळ ९२ टक्के चांदी असायची. १९३९ च्या सप्टेंबरात महायुद्ध सुरू झालं, लोक चांदी दाबून ठेवायला लागले, आणि १९४० पासून सरकारनं रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. १९३९ साल घातलेले रुपये बाजारात फार थोडे आले. जुन्या, चांगल्या चांदीचा हा शेवटचा रुपया. सालवार संच पुरा करणाऱ्या प्रत्येकाला तो लागतोच, बाकी सगळे मिळतात आणि नेमका हाच मिळत नाही. म्हणून किंमत. आणि किंमत आली की लबाडी येते. दुसऱ्या सालच्या रुपयावरचा आकडा कोरून १९३९ करणारे हात आपल्याकडे पुष्कळ आहेत.

मग त्यांनी आमचा रुपया भिंगाखाली धरला. बराच वेळ फिरवला. "१९४०," ते म्हणाले.

एका वर्षानं हुकलं! १९४० चे रुपये कोट्यवधी पाडले गेले. निम्मी चांदी, झिजलेला, वर कडी. अकरांत सगळ्यात स्वस्त नाणं हेच.

मला हसू आलं आणि थोडं हायसंही वाटलं. पण गंमत पुढेच होती. माळेत पाचव्या जॉर्जचे तीन रुपये. त्यातला एक १९११ चा. त्यावर भिंग गेलं आणि गृहस्थ खुर्चीत पुढे सरकले. "हा बघा, डुकराचा रुपया!"

ही गोष्ट खरी आहे. १९११ साली पाचव्या जॉर्जचा नवा रुपया निघाला. राजाच्या अंगावरच्या साखळीत हत्तीचं छोटंसं चित्र आहे. पण कोरणाऱ्यानं त्याचे पाय आणि सोंड इतकी आखूड काढली की लोकांना तो डुक्कर वाटला. हिंदुस्थानच्या रुपयावर डुक्कर! गवगवा झाला. सुमारे ९४ लाख रुपये पाडून तयार होते, त्यातले सुमारे सात लाखच तोवर बाहेर गेले होते. बाकीचे परत वितळवले आणि १९१२ च्या रुपयावर हत्तीची सोंड नीट लांब केली. सात लाख हा आकडाही काही लहान नाही, त्यामुळे हा रुपया १९३९ च्या तोडीचा नव्हे. पण चांगल्या प्रतीचा असेल तर संग्राहक तो हौसेनं घेतात, कारण त्याला गोष्ट आहे.

"मग आमचा?" मी विचारलं.

त्यांनी कडीकडे बोट दाखवलं. बरोबर राजाच्या मुकुटावर झाळलेली. कडी काढली तरी डाग राहणार. आणि पृष्ठभाग असा घासलेला का, म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं, दर दिवाळीला आजी माळ चिंचेच्या कोळानं आणि राखेनं घासायची. त्यांनी डोळे मिटून घेतले! नाण्यावर वर्षानुवर्षं जो काळसर थर चढतो तो त्याचं कातडं असतं म्हणे. ते सोललं की संग्राहकाच्या दृष्टीनं नाणं गेलं. घरात जुनं नाणं असेल तर घासू नका, हे माझ्या वाचकांना आवर्जून सांगायला त्यांनी मला बजावलं आहे. सांगितलं.

थोडक्यात, अकराही रुपये चांदीच्या भावाचे. कड्या आणि चिंच, दोन्हींनी मिळून बाकी सगळी किंमत खाल्ली होती.

माळ परत करायला पुन्हा कोंडाण्याला गेले. मामा शेतावर होते, हाताशी वेळ होता, म्हणून किती वर्षांनी लेण्यांकडे निघाले. जंगलातली चढाची वाट, घाम काढणारी. पावसाळ्यात लेण्याच्या तोंडावरूनच धबधबा कोसळतो, आता नुसती ओल होती. इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासचं हे चैत्यगृह. दगडात कोरलेलं, पण सगळी घडण लाकडी घरासारखी. खालचे खांब मोडलेले आहेत, कमान मात्र अजून बघत राहावी अशी. आणि दर्शनी भागाच्या डाव्या अंगाला एका भग्न मूर्तीच्या शेजारी ब्राह्मीत एकच ओळ आहे. कण्हाचा शिष्य बलक यानं केलं, एवढाच तिचा अर्थ.

लहानपणी आजी म्हणायची, हे पांडवांनी एका रात्रीत कोरलं. ती ओळ वाचता आली आणि पांडवांच्या जागी बलक नावाचा एक माणूस उभा राहिला, आणि त्याच्या मागे त्याचा गुरू. बाकी त्याच्याबद्दल काहीच नाही. पण एका ओळीनं केवढा फरक पडतो! तिथे बसून मला माळेचं वाईट वाटायला लागलं, आणि ते किमतीचं नव्हतं. आणि तिथेच जोगळटेंभी आठवलं.

लेण्यांचं आणि नाण्यांचं नातं आपल्याकडे जुनं आहे. बोरघाटाच्या, नाणेघाटाच्या वाटांनी व्यापार चालायचा, त्याच वाटांवर लेणी कोरली गेली, आणि लेण्यांच्या भिंतींवर पैशाचे हिशेब कोरले गेले. नाणेघाटात सातवाहनांच्या राणीनं यज्ञांत दिलेल्या कार्षापणांचे आकडे आहेत. नाशिकच्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा लेख तर एखाद्या बँकेच्या पासबुकासारखा आहे. तीन हजार कार्षापण विणकरांच्या श्रेणींत ठेवले, दोन हजार दरमहा शेकडा एक व्याजानं, एक हजार शेकडा पाऊण व्याजानं, त्यातून भिक्षूंना वस्त्रं वगैरे द्यायची. एका सुवर्णाला ३५ कार्षापण हा त्या वेळचा भावही त्यात दिला आहे.

या नहपानाची चांदीची नाणी एके काळी अगदी मोजकी माहीत होती. मग १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला एक ठेवा सापडला. थोडीथोडकी नाही, तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी. सगळी मुळात नहपानाची. एका बाजूला राजाचा चेहरा, भोवती ग्रीक अक्षरं. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, आणि ब्राह्मी व खरोष्ठी अक्षरांत त्याचं नाव. पण त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर, म्हणजे साधारण दर दहांतल्या सातांवर, दुसरा ठसा मारलेला होता. गौतमीपुत्र सातकर्णीचा. नहपानाच्या चेहऱ्यावर तीन कमानींची टेकडी आणि गौतमीपुत्राचं नाव, मागे उज्जयिनीचं चिन्ह. कित्येक नाण्यांवर त्या टेकडीच्या खालून नहपानाचं नाक, नाहीतर डोळा, अजून बाहेर डोकावतो.

विचार करा. एका राजानं दुसऱ्याला हरवलं आणि त्याची नाणी वितळवत बसण्याऐवजी त्याच्या तोंडावरच आपला शिक्का हाणला. नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्राच्या आईच्या, बलश्रीच्या, लेखात आपल्या मुलानं क्षहरातांचा वंश निःशेष केला असं लिहिलं आहे. आईनं मुलाचं कौतुक करायचंच. पण जोगळटेंभीच्या नाण्यांनी त्या कौतुकाला साक्ष दिली. त्या साऱ्या ढिगात तिसऱ्या कुठल्याही राजाचं नाणं नव्हतं. म्हणजे नहपान आणि गौतमीपुत्र यांच्यामध्ये कुणी नाही, एकानं दुसऱ्याचं राज्य थेट घेतलं. हे एका नाण्यावरून कधीच सांगता आलं नसतं. ते सांगता आलं कारण रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी हा ठेवा तपासला, नाणी मोजली, किती मूळची आणि किती पुन्हा ठोकलेली याचा हिशेब लावला आणि १९०८ साली छापून ठेवला. चेहरे एकमेकांसारखे नाहीत, कुठे तरुण, कुठे म्हातारा, कुठे नाक वेगळं, हेसुद्धा त्यांनी नोंदवलं. त्यावर अभ्यासक पुढे कितीतरी वर्षं बोलत राहिले.

आता यातली गंमत बघा. ठेवा सापडला आणि नहपानाचं नाणं दुर्मीळ राहिलं नाही. तेरा हजार म्हटल्यावर बाजाराच्या हिशेबानं ते स्वस्तच व्हायचं. पण इतिहासाच्या हिशेबानं त्याच दिवशी ते मोलाचं झालं. आणि ज्या नाण्यावर ठसा मारून मूळ चेहरा खराब केला आहे, ते मूळ नाण्याहून कमी मोलाचं मुळीच नाही. तो ठसाच तर सगळं सांगतो.

मग लेण्याच्या पायरीवर बसून मला प्रश्न पडला. गौतमीपुत्रानं राजाच्या तोंडावर ठोकलं तो इतिहास, आणि आमच्या सोनारानं राजाच्या मुकुटावर कडी झाळली तो डाग, हे कसं काय?

सोपं उत्तर आहे की तो राजा आणि हा सोनार. पण मला ते पुरेसं वाटत नाही. ठाण्याच्या गृहस्थांना नंतर फोनवर विचारलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले, आणि म्हणाले, "कारण त्या ठशाचा अर्थ आपल्याला माहीत आहे. तुमच्या कडीचा अर्थ फक्त तुमच्या घराला माहीत होता, आणि तुम्ही तो कुठे लिहून ठेवला नाहीत."

लागलं ते वाक्य. कारण खरं होतं.

आमच्या गावाकडची एक गोष्ट आजोबा सांगायचे. त्यांच्या लहानपणी एका वरकस जमिनीत नाचणीसाठी खणताना तांब्याचं भांडं लागलं. आत काळी पडलेली बारीक चांदीची नाणी. रात्रीच्या रात्री वाटणी झाली, सोनाराकडे गेली, आणि त्या वर्षी दोन घरांत नवे तोडे आले. नाणी कसली होती? आजोबांना एवढंच आठवायचं की 'बारकी होती आणि काहींवर माणसाचं तोंड होतं'. मी हे ऐकलं तेव्हा दहा वर्षांची असेन, मला त्या तोड्यांचंच अप्रूप. आता रात्री झोप लागत नाही की कुणाचं तोंड होतं ते! ती नहपानाची होती असं मी म्हणत नाही, म्हणायला काही आधारच उरलेला नाही. तेच दुःख आहे. चांदी तेवढीच राहिली, तोड्यात गेली. बाकी सगळं एका रात्रीत मुशीत गेलं.

त्या लोकांना तरी काय दोष द्यायचा. पोट होतं, आणि सरकारला कळलं तर सगळं जाईल ही भीती होती. खरं तर १८७८ चा गुप्तधनाचा कायदा तेव्हाही होता आणि आजही आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. पण सापडणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा त्यावर काहीच हक्क नाही असं तो कायदा म्हणत नाही. सरकारनं ठेवा स्वतःकडे घ्यायचा ठरवला तर किमतीवर आणखी पाचवा हिस्सा द्यावा अशी तरतूद त्यात आहे. हे गावात कुणाला माहीत असणार? आता आमच्याकडे फार्महाऊससाठी सगळीकडे पाया खणणं चालू आहे. यंत्राच्या पात्याखाली काय येतं आणि कुठे जातं, देव जाणे.

अमेरिकेतल्या ताईसाठीही एक निरोप. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू आहे आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे व्हिक्टोरिया आणि एडवर्ड तुला मिळायचे नाहीत, १९११ चा डुकराचा रुपयाही नाही. रागावू नकोस. १९४० चा चालेल, तसा तो सगळ्यात स्वस्तही आहे!

आणि मामेभावासाठी एक. फोनवरच्या त्या निरोपांपासून जप. वैष्णोदेवीचं चित्र असलेलं पाच रुपयांचं नाणं, ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाचाची नोट, यांचे लाख रुपये देतो म्हणणारे आधी 'नोंदणी शुल्क' मागतात. रिझर्व्ह बँकेचं नावही त्यात बिनदिक्कत वापरतात. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं स्वतःच पत्रक काढून सांगितलं की आम्ही असल्या व्यवहारात नाही आणि त्यासाठी कसलंही शुल्क घेत नाही. चलनातलं कोट्यवधींनी पाडलेलं नाणं लाखाचं का होईल, हा एक प्रश्न स्वतःला विचारला तरी पुरे.

असो. तर लेण्यांवरून खाली आले तेव्हा मामा ओटीवर बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. १९३९ नाही, १९४०. लाख नाहीत, चांदीचा भाव. ते हसले आणि म्हणाले, "तो शेवटचा रुपया होय? तो माझ्या आजीनं घातलाय. त्या साली तिनं पहिल्यांदा स्वतः डोक्यावर गवताचा भारा घेऊन कर्जतच्या बाजारात विकला. आजोबा आजारी होते. पहिला रुपया हातात आला तो खर्च केला नाही, सोनाराकडे नेऊन कडी मारून घेतली."

मामांच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं. आईलाही माहीत नव्हतं. गेली कितीतरी वर्षं ही माळ डबीत होती, आणि अकरांतला सगळ्यात स्वस्त रुपया कुणाचा, ते फक्त एका माणसाला ठाऊक होतं. मामांचं वय आता ७६ आहे.

बाजाराचं गणित चुकीचं आहे असं माझं म्हणणं नाही. ज्या संग्राहकाकडे १९३८ पर्यंतचे सगळे रुपये आहेत त्याला १९३९ च हवा असणार, आणि तो स्वच्छ, न घासलेला, विनाकडीचाच हवा असणार. त्याच्या लेखी पणजीची कडी हा डागच, आणि त्याच्याकडून तेवढ्यासाठी जास्त पैसे मागणं चूक. पण त्याची किंमत आणि आपली किंमत एक नाही, हे कळल्याशिवाय वाटणी करायला बसू नये. आणि आपली किंमत लिहून ठेवली नाही, तर एका पिढीत तीही सोनाराच्या काट्यावर जाते. बलकानं दगडावर एक ओळ कोरली म्हणून तो राहिला. आपल्याला तर फक्त वही लागते.

म्हणून त्याच संध्याकाळी मी एक वही घातली. डावीकडे नाण्याचं साल आणि राजा, मध्ये वजन आणि दोन्ही बाजूंचा फोटो कुठे आहे ते, उजवीकडे तो कुणी, कधी, कशासाठी माळेत घातला. मामा सांगत गेले, मामी मधून मधून दुरुस्त करत गेली. एडवर्डचे दोन एका लग्नातले. १९१८ चा कुणाच्या तरी बारशाचा. डुकराचा रुपया वतनाच्या भांडणात जिंकला तेव्हाचा, असं मामांना वाटतं, मामीला पटत नाही. दोन्ही मतं लिहिली आहेत. माळ तोडायची नाही असं तूर्त ठरलं. ती मामीकडे राहील, वहीची प्रत तिन्ही घरांत जाईल. पुढे कुणाला विकायचीच झाली तर विकावी, पण वहीसकट.

उजव्या रकान्यात तीन ओळी अजून रिकाम्या आहेत, तिन्ही १८६२ च्या. त्यातला एक आजीच्या माहेरून आला असं आई म्हणते. माहेर खालापूरकडचं. त्या बाजूचे नातलग हे वाचत असतील तर कृपया घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, आणि जे आठवेल ते मला कळवा, अर्धवट आठवलं तरी चालेल. जरा लवकर विचारा.